नऊ पोरं आणि नानांचा शेरा

जळगावच्या पिंप्राळ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानात भिंतीवर टीव्ही आहे, आणि हॉकीची लीग पुन्हा सुरू झाली त्या हिवाळ्यात तो संध्याकाळभर हॉकीवरच असायचा. याला कारण नाना. नाना म्हणजे नशिराबादचे, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर. ते चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आले आणि सामना संपेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी काडी पुन्हा सैल झाली. तिसरे भाऊ. मूळचे भडगावचे, माझ्या समोरच त्यांचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान. गिऱ्हाईक दिसलं की रस्ता ओलांडून तिकडे जायचे, एरवी माझ्या बाकावर.

आम्ही तिघांनी ओडिशाकडचा एक संघ धरला. का धरला, ते सांगता येणार नाही. पहिल्या दिवशी टीव्हीवर तोच लागला होता आणि भाऊंना जर्सीचा रंग आवडला. आमच्यापैकी कुणीही हॉकी खेळलेलं नव्हतं. नानांच्या शाळेत चार स्टिका होत्या म्हणे, पण त्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे.

त्या संघात एकवीस वर्षांखालची नऊ पोरं होती. संघ जिंकतो की हरतो, याची आम्हाला फारशी चिंता नव्हती. या नवांतला उद्याचा मोठा खेळाडू कोण, हे जगाच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, एवढीच हौस. फोनवर त्या संघाच्या चाहत्यांचा ग्रुप होता. तिथे दिवसभर पोरांची क्रमवारी लागायची आणि मोडायची. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, आठवा कोण आणि सातवा कोण यावरून एकमेकांची अक्कल काढायची. नानांनी एकदा आपलंही मत टाकलं. त्यावर पंजाबातल्या कुणीतरी विचारलं, “अंकल, जलगाँव में हॉकी होती है?”

नाना दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी फुलस्केप कागद घेऊन आले आणि म्हणाले, “आता आपण शास्त्रशुद्ध यादी करू.”

शास्त्र तिघांचं तीन प्रकारचं होतं. नाना घोटे बघायचे. घोटा बारीक असेल तर पोरगा चटकन वळतो, हे त्यांनी आयुष्यभर कवायत घेताना पाहिलं होतं. भाऊ घरची परिस्थिती बघायचे. “गरीबना पोऱ्या शे, तोच पुढे जाई,” असं म्हणायचे आणि स्वतःच्या मुलाला मात्र पुण्यात महागड्या क्लासला घातलं होतं. मी डोळे बघायचो. टीव्हीवरून मी एका पोराच्या डाव्या डोळ्याला पाऊण नंबर असणार असं सांगितलं आणि केवळ त्यामुळे तो तिसऱ्यावरून सातवा झाला.

यादीला चार संध्याकाळी लागल्या. चौथ्या की पाचव्या जागेचा वाद चालला होता तेव्हा एका बाईंची तपासणी मी अर्धीच सोडली. त्या बिचाऱ्या एक डोळा झाकून बराच वेळ बसून राहिल्या.

पहिला नंबर एका आघाडीच्या पोराला दिला. झारखंडातल्या खेड्यातला, एकोणीस वर्षांचा. नानांनी त्याच्यापुढे शेरा लिहिला, ‘देश का भविष्य’. ग्रुपमधल्या लोकांना वाचता यावं म्हणून यादी हिंदीत होती. नववा राखीव गोलकीपर. तो आम्ही एकदाच पाहिला होता. त्याने पूर्वार्धात तीन गोल खाल्ले, आणि मग आमच्याकडची लाइट गेली. उत्तरार्धात काय झालं ते आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही कुणाला विचारलंही नाही. नानांनी प्रगतिपुस्तकात लिहावं तसं लिहिलं, ‘पाँव भारी. चाल धीमी. भविष्य नहीं.’ खाली सही केली आणि कागद लॅमिनेट करून आणला.

पुढच्या हंगामात आम्ही भुसावळहून गाडी धरून थेट सामना बघायला गेलो. नानांनी यादी पिशवीत घेतली होती. पहिल्या नंबरच्या पोराची त्यावर सही घ्यायची आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा, असा बेत होता.

सकाळचा सराव संपला तेव्हा आम्ही जाळीपाशी उभे होतो. पायाला जाड पॅड बांधलेला एक पोरगा पाणी प्यायला आमच्याच बाजूला आला. नानांनी चेहरा नीट बघितला नाही. पहिल्या नावावर बोट ठेवून “बेटा, उस लड़के को बुलाना, इस पर साइन चाहिए,” असं म्हणून त्यांनी जाळीच्या फटीतून यादी पुढे केली.

पोराने ती घेतली आणि वाचू लागला. वरून खाली, सावकाश. तो शेवटच्या ओळीवर थांबला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हाच नववा. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. त्यांच्या पायात चप्पल होती.

“यह किसने लिखा?” पोराने विचारलं.

नाना खोटं बोलणारे नव्हते. “हमने,” ते म्हणाले.

“आप कहाँ तक खेले हैं, सर?”

शाळेत नानांनी हजारो पोरांना प्रश्न विचारले होते, आज उत्तर त्यांना द्यायचं होतं. “खेला नहीं,” ते म्हणाले.

पोरगा चिडला नाही. उलट त्याने मागे वळून बाकीच्यांना हाका मारल्या. पाच-सहा जण आले, यादीवर वाकले आणि हसायला लागले. मग त्यांचं हसणं थांबलं. सहावा म्हणाला, मी याच्या खाली कसा. पाचवा म्हणाला, बरोबरच आहे. सातव्याने आपल्यापुढचा पाऊण नंबराचा शेरा वाचला आणि एक डोळा झाकून समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघितलं. मी तोंड फिरवलं. दोन मिनिटांत ती पोरं आमच्या बाकावर बसल्यासारखी भांडत होती.

नानांनी खिशातून मार्करपेन काढलं आणि यादी परत मागितली. गोलकीपरचा शेरा खोडून त्यांनी त्यालाच विचारलं, “अब क्या लिखूँ?”

तो म्हणाला, “लिखिए, देखा नहीं.”

नानांनी तसं लिहिलं. मग आठव्यापुढेही तेच लिहिलं, सातव्यापुढेही. असं करत ते वरपर्यंत आले. पहिल्या नावापुढे पेन टेकणार, तेवढ्यात मागे उभा असलेला एक पोरगा पुढे आला. हाच आमचा पहिला नंबर. गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. टीव्हीवर दिसायचा त्याहून तो लहानखुरा होता.

“वह रहने दीजिए, सर,” तो हळू आवाजात म्हणाला. गुडघा बरा होत नाही म्हणून त्याला सकाळीच घरी जायला सांगितलं होतं. आराम कर, असं प्रशिक्षक म्हणाले होते, पण त्याचा अर्थ त्याला कळला होता. “यह मैं रख लूँ? माँ पढ़ नहीं पाती. बहन पढ़कर सुना देगी.”

नानांनी यादी त्याला दिली. मागच्या बाजूला आपला फोन नंबर लिहून दिला. का लिहिला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जाळीपासून दूर आल्यावर भाऊ म्हणाले, “बठ्ठं चुकनं आपलं.” सगळंच चुकलं, हे मलाही पटलं. संध्याकाळी सामना झाला. गोलकीपर पूर्ण वेळ राखीव बाकावर बसून होता आणि आम्ही तिघेही चेंडू सोडून त्याच्याकडेच बघत होतो. आमचा संघ जिंकला की बरोबरीत सुटला, हे मला आज आठवत नाही.

उन्हाळ्यात एक दिवस दुपारी नानांना फोन आला. पहिला नंबर बोलत होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सध्या तो गावीच होता आणि हॉकीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाला. वडिलांची थोडी जमीन आहे, जळगावच्या केळीबद्दल ऐकलंय, आमच्याकडे लागेल का, असं त्याला विचारायचं होतं. नानांनी फोन भाऊंकडे दिला.

भाऊंनी आधी जमीन कशी आहे ते विचारलं. मग विहिरीला पाणी किती, उतार कुठल्या बाजूला, वीज किती तास असते. उत्तर ऐकल्याशिवाय ते पुढे जात नव्हते. दोनदा म्हणाले, “नहीं, वह मुझे पता नहीं, पूछकर बताता हूँ.” समोर त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. भाऊंनी त्याला हातानेच थांबायला सांगितलं आणि माझ्या बिलाच्या मागे त्या शेताचा नकाशा काढायला घेतला.