शुक्रवारात रविवार घातला की

लामियत बाईंचे गुडघे नोव्हेंबर लागला की कुरकुरायला लागत, आणि चित्रकलेचा तास तर जमिनीवर बसूनच घ्यावा लागे. शाळेत शिक्षक चार, विषय आठ. रंगांचं हे लोढणं एकोणतीस वर्षांपूर्वी बाईंच्या गळ्यात पडलं ते कायमचंच. निवृत्तीला आता दहा महिने उरले होते आणि बाई ते बोटांवर मोजत.

इथं रोई-एत प्रांतातल्या पोराला लाल-पिवळं शिकवावं लागत नाही, वार सांगितला की पुरे. आपल्या जन्मवाराचा रंग त्याला दात यायच्या आधीपासून ठाऊक असतो: सोमवार पिवळा, शुक्रवार निळा, रविवार लाल. म्हणून बाई बशीत सरळ वारच कालवत.

"सोमवारात शुक्रवार घातला की?"

"बुधवार!" एकवीस पोरं ओरडत आणि बशीत हिरवा उतरे.

"सोमवारात रविवार?"

"गुरुवार!" हा नारिंगी.

"शुक्रवारात रविवार?"

"शनिवार!" हा जांभळा.

ही युक्ती सुचली तेव्हा बाईंना तिचा केवढा अभिमान वाटला होता. आता त्या ती झोपेतही म्हणाल्या असत्या. मंगळवारच्या गुलाबीचं कुणी विचारलंच तर त्या म्हणत, "पांढरा संपलाय." पांढरा नेहमीच संपलेला असे.

त्या दिवशी तिसरीतली जाम्पी जांभळ्या बशीकडे बघत बसून राहिली. तिची आई दूर रयोंग शहरातल्या कारखान्यात, पोर आजीजवळ. बापाचं नाव त्या घरात कुणी काढत नसे.

"बाई, मी शनिवारची. आई शुक्रवारची. म्हणजे माझे बाबा रविवारचे!"

बाईंनी ऐकलं. पण घंटा झाली होती, बशा धुवायच्या होत्या आणि कंबर धरली होती. "हं, असतील," असं म्हणून त्या उठल्या.

ते 'असतील' त्यांना भोवलं. जाम्पीनं गावातल्या एकेका बाप्याला वाटेत गाठून जन्मवार विचारायला सुरुवात केली. आधी लोक हसले, मग बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. तेवढ्यात शाळेतला वडिलांचा दिवस आठवड्यावर आला. त्या दिवशी बाप ओळीनं खुर्च्यांवर बसतात, पोरं त्यांच्या पायांवर डोकं टेकतात आणि हातात पिवळी कर्दळ देतात. जाम्पीला त्या वेळी बाई दरवर्षी पाण्याचे पेले भरायला पाठवत. पोरीला तोंड लपवायला जागा मिळावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

यंदा जाम्पी म्हणाली, "पेल्यांचं दुसऱ्या कुणाला सांगा, बाई. मला एक खुर्ची हवी. बुनलाय काका रविवारचे आहेत. मी विचारलं त्यांना."

बुनलाय शाळेचा शिपाई, पन्नाशी उलटलेला, बायको कधीच वारलेली. देवळात जो तो आपल्या वाराच्या बुद्धासमोर उदबत्ती लावतो, आणि वीस वर्षं बाई त्याला बुधवारच्या, हातात भिक्षापात्र धरलेल्या बुद्धासमोर बघत आल्या होत्या.

त्यांनी त्याला पटांगणात गाठलं. "काय रे, तू बुधवारचा ना?"

"जन्मापासून," बुनलाय झाडत झाडतच म्हणाला.

"मग पोरीला काय सांगितलंस?"

"तिचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. गावातले सगळे बाप्ये विचारून झाले होते, बाई, रविवारचे होते तेही दुसराच वार सांगून सुटले. मी शेवटचा. काय सांगायचं मग?"

"खरं सांगायचं!"

"आणि तुम्ही काय सांगितलंत? 'असतील' म्हणालात ना?"

बाईंना त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आपल्या आळसानं एका पोरीला बाप मिळाला होता. उद्या देवळात तिचं तिलाच कळलं तर ती कोसळेल, त्यापेक्षा आजच सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. शाळा सुटल्यावर त्यांनी जाम्पीला थांबवून घेतलं.

"हे बघ, रंगांचं असतं तसं माणसांचं नसतं गं. माझे आईबाप दोघंही सोमवारचे, आणि मी शुक्रवारची. पिवळ्यात पिवळा घालून कधी निळा होतो का?"

"नाही."

"मग तुझे बाबा सातांपैकी कुठल्याही वाराचे असू शकतात. आणि बुनलाय काका..."

"बुधवारचे आहेत," जाम्पी नखातला जांभळा कोरत म्हणाली. "भांडंवाल्या बुद्धासमोर बसतात ते. आजीबरोबर जाते ना मी देवळात, मला आधीच माहीत होतं."

"मग विचारलंस कशाला?"

"बघितलं विचारून. तर ते हो म्हणाले." पोरीनं मान वर केली. "त्यांना सांगू नका हं, बाई. त्यांनी बाजारातून लाल शर्ट आणलाय."

बाईंनी मान डोलावली आणि तिचं दप्तर तिच्या खांद्याला अडकवलं.

वडिलांच्या दिवशी त्यांनी एक खुर्ची जास्त मांडली. गुडघे ठणकत होते, तरी पेले त्यांनी स्वतःच भरले.