मास्तरांच्या गाडीत दोन डॉक्टर

मास्तर शाळेत कधी शिकवत नव्हते. ते गाडी शिकवायचे. एकतीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांनी अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या गावाला त्या शिकलेल्यांपासून वाचवलं होतं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा. त्याची सवय अंगात इतकी मुरली होती, की घरात कुणी जरा आवाज चढवला तरी मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जायचा.

"बाबा, मी गाडी नाहीये," भिंगरी म्हणायची.

भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, वय तीस. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं, ते पडलंच. एकोणिसाव्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. आजार मनाचा. कधी मन असं वर चढायचं की तिला झोपायला फुरसत नसायची, आणि कधी असं खाली बसायचं की उठून तोंड धुणं म्हणजे डोंगर चढणं. गोळ्या वेळेवर घेतल्या की सगळं बरं चालायचं. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हे काम तिला फारच मानवलं होतं.

तिची आई होती तोवर दवाखान्याचं खातं आईकडे. आई लेकीला घेऊन आत जायची आणि मास्तर बाहेर गाडीत बसून आरसे पुसायचे. तितके लख्ख आरसे गावात कुणाच्याच गाडीला नव्हते. आई पाच वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून भिंगरी एकटी जायची. मग तिचं लग्न झालं. जावई बेकरीत कामाला. तो पहाटे पाव भाजायचा आणि दिवसभरात चार वाक्यं बोलायचा.

भिंगरीला चौथा महिना लागला तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मास्तर तिच्या घरी गेले, तर सोफ्यावर, खुर्चीवर, टीव्हीवर, सगळीकडे इवलेइवले मोजे. स्वयंपाकघराची अर्धी भिंत पोपटी झाली होती आणि उरलेल्या अर्ध्या भिंतीसमोर जावई ब्रश घेऊन उभा होता.

"त्रेपन्न!" भिंगरी आनंदाने म्हणाली. "चार दिवसांत!"

"त्रेपन्न? जोडी कशी लागणार?"

"एक मोजा बाळ हरवणारच ना? तो आधीच हरवला असं धरलंय."

मास्तर हसले. मग जावयाच्या डोळ्यांकडे बघून त्यांचं हसू विरलं.

"तीन रात्री झोपली नाही," जावई म्हणाला. हे त्या दिवसाचं पहिलं वाक्य.

मास्तरांनी कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती.

"बंद केल्या मी," भिंगरी म्हणाली. "बाळाला बाधतात. शेजारच्या काकू म्हणाल्या."

"त्या काकूंनी माझ्याकडे शिकताना भाजीची गाडी आडवी केली होती!"

"त्याचा औषधाशी काय संबंध?"

"तेव्हाही त्या असंच ठासून सांगत होत्या, की रस्ता मोकळा आहे म्हणून!"

त्याच दिवशी ते बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई चांगल्या, पण बाहेर पन्नास पोटं वाट बघत होती. त्यांनी कागदावर लिहिलं, 'गोळ्यांबाबत मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.' मग ते मनाच्या डॉक्टरांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तर त्या दारातून आत शिरले. आत साधी खोली होती, एक टेबल आणि तीन खुर्च्या. अकरा वर्षं आपण काय कल्पना करून या दारापासून लांब राहिलो होतो, ते आता त्यांना सांगताही आलं नसतं. डॉक्टरांनी झोपेपुरती एक गोळी दिली आणि कागदावर लिहिलं, 'पुढील औषधांआधी स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत आणावे.' आठवडाभर मास्तर इकडचा कागद तिकडे आणि तिकडचा इकडे नेत राहिले. पोस्टमन परवडला, त्याला निदान सायकल तरी मिळते.

भिंगरी आता थोडी झोपत होती, पण मन अजून उधळलेलंच होतं. तिने दोन्ही कागदांवर लाल पेन चालवलं. "दोघांनी एकमेकांचा पत्ता चुकीचा लिहिलाय. हे कधी भेटलेले दिसत नाहीत. कोंबा त्यांना एका गाडीत!"

ती गमतीत बोलली. मास्तरांनी मात्र डायरी उघडली. डॉक्टरीणबाई त्यांच्याच शिकाऊ होत्या. दोनदा परीक्षेत नापास झालेल्या, दर मंगळवारी सकाळी सातला तास. मनाच्या डॉक्टरांची स्कूटर महिनाभर गॅरेजात पडून होती, हे गॅरेजवाल्यानेच सांगितलं होतं.

मंगळवारी मास्तरांनी मनाच्या डॉक्टरांना दारातून उचललं. "साहेब, सोडतो की दवाखान्यात. वाटेवरच आहे." मागच्या सीटवर भिंगरी बसलेली बघून साहेब चपापले. पुढे स्टिअरिंगवर शिकाऊ बाई बघून त्यांनी खिडकीवरचा दांडा घट्ट धरला.

"बाई, हे मनाचे डॉक्टर. साहेब, या बाळंतपणाच्या. पहिला गिअर टाका."

"पेशंटबद्दल असं गाडीत बोलणं बरोबर नाही," साहेब म्हणाले.

"पेशंट मी आहे," भिंगरी म्हणाली. "माझी परवानगी आहे. लेखी देऊ?"

बाईंनी मागे वळून नमस्कार केला.

"बाई, रस्ता! रस्ता!" मास्तर ओरडले.

चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. त्या कल्लोळात मनाचे डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "तिची जुनी गोळी गरोदरपणात चालणार नाही, ती बदलायलाच हवी. पण सगळंच बंद ठेवणं त्याहून धोक्याचं आहे."

"मग दुसरी कुठली देताय ते मला कळवा. मी बाळाची तपासणी जास्त वेळा ठेवते," बाई म्हणाल्या. "हा क्लच का ब्रेक?"

"क्लच. म्हणजे आम्ही महिनाभर कागद नाचवत राहिलो असतो?" मास्तर म्हणाले.

तेवढ्यात भिंगरी बोलली. या खेपेला आवाज हळू होता. "तुम्ही सगळे माझ्याबद्दल बोलताय. मला कुणी विचारलं नाही. गोळी घेतली तर ती बाळाला बाधेल अशी भीती वाटते. आणि नाही घेतली तर मीच बाळाला बाधेन अशी भीती वाटते."

गाडी नुकतीच सुरू होऊन चालू लागली होती. 'काही होत नाही गं' असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं, आणि शब्दाऐवजी पायच दाबला गेला. गाडी गचकन थांबली. चौघांची डोकी पुढे आली.

"मी काय केलं?" बाई घाबरून म्हणाल्या.

"तुम्ही नाही, मीच," मास्तर म्हणाले. "बोल गं तू. मी पाय वर घेतो." आणि पुढचा सगळा रस्ता ते सीटवर मांडी घालून बसले. एकतीस वर्षांत असा वेडेपणा त्यांनी पहिल्यांदाच केला.

मनाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. नव्या गोळीचे फायदे-तोटे तिलाच समजावून सांगितले आणि तिने होकार दिल्यावर चिठ्ठी लिहिली. अक्षर इतकं हललेलं होतं, की दवाखान्यात पोचल्यावर ती पुन्हा लिहावी लागली.

"दर पंधरा दिवसांनी आपण बोलू या," बाई म्हणाल्या.

"फोनवर," साहेब घाईघाईने म्हणाले. "फोनवरच."

महिनाभरात भिंगरीचं मन खाली आलं, आणि नेहमीसारखं जरा जास्तच खाली आलं. ती मोज्यांकडे बघून रडायची. घरी येणाऱ्या नर्सताईने सांगितलं, की वाचनालयाच्या वर दर गुरुवारी बायका जमतात. मनाचा आजार असलेल्या, पोटुशी नाहीतर नुकत्याच बाळंत झालेल्या.

"मी नाही जाणार वेड्यांच्या सभेला," भिंगरी म्हणाली.

"मग मी बघून येतो," मास्तर म्हणाले.

वाचनालयाच्या वर दोन खोल्या होत्या. मास्तर चुकीच्या खोलीत शिरले. आत चटया आणि उशा होत्या, आणि एक बाई म्हणत होत्या, "सगळ्यांनी डाव्या कुशीवर." शिस्तीचा माणूस, मास्तर डाव्या कुशीवर झाले. वीस मिनिटं त्यांनी सांगतील तसा श्वास घेतला आणि सोडला. शेवटी बाईंनी विचारलं, "आजोबा, कितवा महिना?"

घरी येऊन त्यांनी अहवाल दिला. "छान आहे गं. काही बोलायचं नाही. झोपायचं आणि फुंकर घालायची."

भिंगरी आधी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. जावईसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसला. पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, "चला, मला ती चटई दाखवा."

या वेळी ते बरोबर खोलीत गेले. आत पाच बायका, एक रडकं बाळ आणि बिस्किटांचा डबा. डबेवाली बाई म्हणत होती, "पहिल्या महिन्यात मला वाटायचं, बाळ माझ्यावर नाराज आहे. मी त्याची माफी मागत बसायचे." भिंगरी दारातच थांबली. मग जाऊन तिच्या शेजारी बसली. मास्तरही बसायला लागले, तर डबेवालीने त्यांच्या हातावर एक बिस्किट ठेवलं आणि दार दाखवलं.

नर्सताईने बसून बाळंतपणानंतरचा कागद तयार केला. आईला सलग सहा तास झोप मिळाली पाहिजे, ही पहिली ओळ. बाळाला कोण कधी घेणार, बिनसायला लागल्याची लक्षणं कुठली, कुणाला आधी फोन करायचा. जावयाने पहाटेची पाळी बदलून दुपारची घेतली. त्यासाठी तो मालकाशी सलग पाच मिनिटं बोलला, असं ऐकिवात आहे. मास्तरांना सकाळी सहा ते नऊ मिळाले, म्हणून सातचे तास त्यांनी नऊनंतर ढकलले. भिंगरीने कागदातल्या अकरा चुका दुरुस्त करून सही केली.

मुलगी झाली. तांबडीलाल आणि रागीट. डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा नापास झाल्या होत्या, पण बाळंतपण त्यांनी एका दमात पास केलं.

चौथ्या आठवड्यात भिंगरीचं बिनसलं. जेवण जाईना, आणि बाळ रडलं तरी आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा. पण या वेळी तिने कागद काढला, लक्षणांवर खुणा केल्या आणि स्वतःच मनाच्या डॉक्टरांना फोन लावला. औषध वाढलं, नर्सताई रोज येऊ लागली. सावरायला दोन महिने लागले. मधले काही दिवस फार वाईट गेले. मग एका सकाळी तिने बाळाच्या आंघोळीत मास्तरांची चूक काढली, आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

मास्तर मात्र रुसले होते. "डॉक्टरांना फोन केलास तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही यादीत चौथे आहात."

"चौथा? पहिले डॉक्टर, दुसरे जावईबापू. तिसरं कोण?"

"डबेवाली."

"ती बिस्किटवाली माझ्या वर?"

"ती ऐकून घेते, बाबा. तुम्ही उपाय सांगता. सहा महिने बघू, मग बढतीचा विचार करू."

यावर मास्तरांकडे बरंच उत्तर होतं. पण तेवढ्यात खांद्यावरच्या नातीने त्यांच्या शर्टावर दूध ओकलं, आणि नऊ वाजून गेले होते. ते तसेच तासाला गेले. नव्या शिकाऊने पूर्ण तास चारही काचा खाली ठेवून गाडी चालवली. विचारायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.