बुडायच्या आधीचा हिशोब

बँकेत पैशावरचं व्याज तिमाहीला चढतं, किस्से मात्र रोज जमा होतात आणि काढायला कुणी येत नाही. धाराशिवच्या आमच्या हेड ऑफिसातल्या अकाउंट्स सेक्शनमध्ये तर असे ढीग पडलेत. त्यात गेल्या सहामाहीनं जी भर घातली, ती एकट्यानं पोटात ठेवणं मला जमायचं नाही. एवढी मजा मला अख्ख्या नोकरीत आली नव्हती!

सुरुवात चेअरमन अण्णांपासून. अण्णा पुण्याला एका कार्यशाळेला गेले आणि येताना नवी हिशोबपद्धत घेऊन आले. जुन्या पद्धतीत कर्ज थकलं की मग त्याची तरतूद करायची, म्हणजे नफ्यातून तेवढे पैसे बाजूला ठेवायचे. नव्या पद्धतीत ते थकायच्या आधीच, कितपत शक्यता आहे ते ओळखून तरतूद करायची.

"म्होरं सगळ्यांनाच करावं लागणार हाय. मग जिल्ह्यात पैले आपण," अण्णा म्हणाले.

सप्टेंबरअखेरची सहामाही पत्रकं नव्या पद्धतीनं करायची ठरली. आमच्या सुषमाताईंचा चेहरा उजळला. ताई सेक्शनच्या प्रमुख, पण जुने चीफ अकाउंटंट निवृत्त झाल्यापासून त्यांच्या पाटीवर 'प्रभारी' हा शब्द चिकटला होता तो चिकटलाच. अण्णाही त्यांना 'प्रभारी मॅडम' अशीच हाक मारत. अण्णांनी त्या दिवशी साफ सांगितलं, "प्रभारी मॅडम, हे घरच्या घरी जमलं तर पाटी बदलू. न्हाय जमलं तर काम पुण्याच्या फर्मला आन् तुम्ही तुळजापूर शाखेच्या काउंटरला."

ताईंनी फक्त चष्मा पुसला. आम्ही सगळे मात्र पेटलो. ताईंना काउंटरवर पाठवणं म्हणजे काय खेळ आहे का!

⁂

शाखांना तक्ते गेले. प्रत्येक मोठ्या कर्जदारापुढं कर्ज थकण्याची शक्यता टक्क्यांत लिहायची होती. भूमच्या गोरे मॅनेजरांचा तक्ता सगळ्यांत आधी आला. वरपासून खालपर्यंत शून्य.

ताईंनी फोन लावला. "गोरे, एकाचंही कर्ज थकणार नाही?"

"मॅडम, चांगली जित्तीजागती, दुकान उघडून बसलेली माणसं हायती. त्यांच्याबद्दल असलं अभद्र कसं लिहू? उद्या बाजारात समोर आली तर मी तोंड कुठं लपवू?"

"गोरे, आभाळ भरून आलं की अंगणातली डाळ आपण आत घेतो ना? त्यानं पाऊस येतो का?"

दुसऱ्या दिवशी नवा तक्ता आला. आता भूममध्ये एकही माणूस धड उरला नव्हता. सगळ्यांत जास्त टक्के एका गृहकर्जापुढं होते आणि ते खुद्द गोऱ्यांचं होतं.

"तुमचा तर हप्ता पगारातूनच कापतो," ताई म्हणाल्या.

"व्हय, पण पोरीचं लगीन काढलंय मॅडम. आभाळ लई भरून आलंय."

⁂

आमच्या जिल्ह्यातल्या वाशी शाखेच्या शेख साहेबांचं काम नेटकं. त्यांनी टक्के दिले आणि 'आधार' या रकान्यात कारणंही दिली. एका हार्डवेअरवाल्यापुढं लिहिलं होतं, 'धंदा मंदीत, पण काळजी नको. सासरा मजबूत.'

पत्रकं तपासायला आलेल्या सोलापूरच्या तरुण ऑडिटरनं पेन खाली ठेवून विचारलं, "सासरा मजबूत, हे तारण धरता येतं का?"

शेख साहेब शांतपणे म्हणाले, "सोलापूरचं मला ठाऊक न्हाय. वाशीत धरत्यात."

⁂

अणदूर शाखेच्या माळी मॅनेजरांनी तर कमाल केली. सगळ्या नावांपुढं टक्के त्यांनी मन घट्ट करून लिहिले, पण आपल्या लिहिण्यानं कुणाचं वाईट व्हायला नको म्हणून कागद आधी खंडोबाच्या पायाशी ठेवला आणि वर भंडारा उधळला. मग स्कॅन करून पाठवला.

इकडं ऑडिटरला दिसलं की काही नावांवर पिवळं आहे. शाखेनं खास खूण केली असणार, असं समजून त्यानं नेमक्या त्याच फायली मागवल्या. अणदूरहून गठ्ठे आले, त्यानं पानन् पान तपासलं. सगळी खाती चोख! शेवटी त्यानं माळ्यांना फोन करून विचारलं, "ही पिवळी नावं निवडली कुणी?"

"देवानं," माळी म्हणाले.

ऑडिटरनं ते उत्तर अहवालात कसं बसवलं, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

⁂

सहामाही पत्रकात त्या सहा महिन्यांतलाच खर्च धरायचा, पुढचा ओढून आणायचा नाही. हे तुळजापूरच्या मॅनेजरांना पटवताना ताईंचा घसा बसला. नवरात्रात भाविकांसाठी शाखेची पाणपोई असते. मांडव घटस्थापनेच्या कितीतरी आधी ठरतो, पण उभा राहतो ऑक्टोबरात. मॅनेजर म्हणत होते की निम्मा खर्च सप्टेंबरात धरा.

"पाणी कधी पाजणार?" ताईंनी विचारलं.

"ऑक्टोबरात."

"मग खर्च ऑक्टोबरात."

"मॅडम, पण पुण्य तर ठरवल्यापासूनच लागतंय की."

"पुण्य तुम्ही सप्टेंबरात धरा, माझी हरकत नाही," ताई म्हणाल्या. "मांडव ऑक्टोबरात."

⁂

सगळ्यांत मोठा गोंधळ उडाला तो मागच्या वर्षावरून. तुलना करता यावी म्हणून गेल्या वर्षीचे आकडेही नव्या पद्धतीनं मांडावे लागतात. मांडले, तर गेल्या वर्षीचा नफा आटला. आमचे संचालक नाना भडकले. त्याच नफ्याच्या आनंदात त्यांनी सभेत घरोघर पुरतील एवढे पेढे वाटले होते.

"होऊन गेलेलं वरीस आता खोटं म्हणता? मग पेढे काय माघारी मागू लोकान्ला?"

"वर्ष खोटं नाही नाना, तेव्हा दिसत होतं तसं मांडलं होतं," ताई म्हणाल्या. "आणि पेढ्यांचा खर्च आहे तेवढाच राहतो. तो खरोखर झालाय."

नाना हसले खरे, पण जाता जाता मला हळूच म्हणाले, "यंदाचा नफा अजून खाली येणार. बाईंची पाटी काय बदलत न्हाय बघ."

⁂

आणि मग ती बोर्डाची मीटिंग. पत्रकं तयार झाली होती, ऑडिटरनं पास केली होती, फक्त अण्णांची सही राहिली होती. मी ताईंच्या मागं फायली धरून उभा. अण्णा पानं उलटत जोखमीच्या नावांवर आले आणि थांबले.

पहिलंच नाव बापूंच्या डाळमिलचं होतं. बापू म्हणजे अण्णांचा शाळेपासूनचा मित्र. दोघांचा सकाळचा चहा आजही एकत्र होतो.

"प्रभारी मॅडम," अण्णांचा आवाज चढला, "बापूचा एक तरी हप्ता चुकलाय का?"

"नाही, सर."

"एक दिवस उशीर?"

"नाही, सर. पण हप्ता आधी मिलच्या खात्यातून यायचा. आता त्यांच्या मंडळींच्या बचत खात्यातून येतो. आणि मिलच्या खात्यात वीजबिल पूर्वीच्या निम्म्यावर आलंय."

"म्हंजे बापू बुडाला म्हणता?"

"बुडाले नाहीत, सर. आभाळ भरलंय म्हणते."

नानांनी खुर्ची सरकवली. मला तर तुळजापूर शाखेचा काउंटर समोर दिसायला लागला. हे नाव गाळलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू.

अण्णांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिथंच बापूंना लावला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. अख्ख्या बोर्डानं ऐकलं.

"बापू, काय चाललंय?"

"झकास! तू बोल."

"मिल कशी हाय?"

"पळतीय की. तुला सांगितलं न्हाय का सकाळी?"

"बापू," अण्णा म्हणाले, "वहिनीच्या खात्यातनं हप्ते भरतूस का?"

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तुला कुणी सांगितलं?" बापूंचा आवाज बारीक झाला होता. "हिच्याबिगर घरात बी कुणाला म्हाईत न्हाय रे."

अण्णांनी टेबलापलीकडं सुषमाताईंकडं पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं, सही केली आणि फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाले,

"आमच्या चीफ अकाउंटंटनी."