मुंडक्यासकट

"मुंडकं नको. खालून घ्या."

मालकीणबाई फोटोग्राफरला म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. हातात चहाचा कप होता त्यांच्या. भाजीवाल्याला देठ काढून दे म्हणावं, तसं म्हणाल्या.

मी पांढऱ्या पडद्यासमोर उभी होते. अंगावर दुकानातली सगळ्यात भारी पैठणी. दिवाळीच्या फ्लेक्ससाठी फोटो काढायचे होते, त्यासाठी पुण्याहून फोटोग्राफर आला होता, मोठाल्या छत्र्या आणि दिवे घेऊन. सकाळी आईनं माझी वेणी स्वतः घातली होती. मी काजळ लावलं होतं, ओठांना हलका रंग. हनुवटी जरा वर धरली होती, कारण दिवा वरून येत होता आणि अशा दिव्यात मान खाली असली की डोळे काळवंडतात, एवढं मला कळत होतं.

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. मी हनुवटी तरीही वरच ठेवली. शेवटच्या फोटोपर्यंत. कुणासाठी, कोण जाणे.

श्रीरामपूरच्या मेन रोडवरचं ते साड्यांचं दुकान. मी तिथं साड्या नेसून दाखवायचे. रोज दुपारी मोबाईलवर लाईव्ह असायचं. मी पदर फिरवून दाखवायचे, निऱ्या हलवायचे. मालकीणबाई बाजूला उभ्या राहून रंग आणि भाव सांगायच्या. मोबाईल स्टँडला असा लावलेला, की माझं गळ्याखालचंच दिसावं. पहिल्या दिवशी मला वाटलं, स्टँड मोडका आहे. मी तो वर केला. बाईंनी परत खाली केला. "लोकांना साडी बघायची असते," म्हणाल्या. मला पटलं. खरंच पटलं. कामावर ठेवताना त्यांनी आडनाव विचारलं होतं, आणि ऐकल्यावर कपाटाच्या चाव्या उगाच इकडच्या तिकडे केल्या होत्या, तेही मी विसरून गेले.

कारण मला ते काम आवडायचं. मला फॅशनचं वेड आहे, लहानपणापासून. लोक म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले. म्हणू देत. मी पहिली फॅशन बघितली ती आमच्या वस्तीत, विहारासमोर. जयंतीच्या सकाळी बायका पांढऱ्या साड्या नेसून रांगेत उभ्या राहायच्या. वर्षभर दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बायका. आई भाताच्या पेजेची खळ करून साडीला द्यायची, वाळवून घडी गादीखाली ठेवायची. सकाळी ती नेसून बाहेर आली की वाटायचं, ही कुणीतरी मोठी बाई आहे. ती चालायचीसुद्धा वेगळी. कपडा माणसाचं काय करतो, ते मी तिथं बघितलं. पार्लरमधली जुनी मासिकं, मोबाईल, हे सगळं पुढचं.

दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी फ्लेक्स लागला. एसटी स्टँडसमोर. मी सकाळीच दुकानात गेलेली, मला पत्ता नाही. आईला मात्र कुणीतरी गावात सांगितलं, तुमच्या पोरीच्या दुकानाचा मोठा बोर्ड लागलाय. आई वस्तीतल्या बायकांना घेऊन निघाली. बाजाराचं निमित्त. फोटो काढल्याचं मी तिला सांगितलं होतं. मुंडक्याचं सांगितलं नव्हतं, जीभच रेटली नाही. संध्याकाळी मी गाडी धरायला स्टँडवर आले, तर सगळ्या फ्लेक्सखाली उभ्या.

वर मी होते. माझी कंबर, माझा खांदा, दोन बोटांत पदर धरायची माझी पद्धत. मनगटावर तव्यानं भाजल्याचा डाग आहे माझ्या, तो पुसून टाकलेला. हात उजळवून पांढरे केलेले. आणि त्यावर एक गोरं, हसरं तोंड. कुठल्याशा परक्या बाईचं. मान तिची, खांदे माझे. जोड दिसू नये म्हणून तिथं मोठा हार चिकटवला होता.

शेजारची शांतामावशी म्हणाली, "अगं, ही कुठं तुजी पोरगी?"

"हात बघा की," आई म्हणाली. "हात तिचाच हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. आई पुन्हा म्हणाली, "हाताकडं बघा. माजी पोर असाच पदर धरती."

भर स्टँडवर माझी आई माझी ओळख पटवत होती. विहिरीतून काढलेल्या माणसाची पटवतात तशी. पडद्यासमोरचा अपमान मी गिळला होता. हा गिळता येईना.

गाडीतून उतरताना आई म्हणाली, "कुनाचं हाय गं ते मुंडकं?"

"माहीत नाही."

"तिला तरी म्हाईत हाय का, खाली कोन हाय ते?"

दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंना विचारलं. पहिल्यांदाच. त्या चिडल्या नाहीत. मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, "मध्ये एकदा लाईव्हमध्ये चुकून तुझा चेहरा आला होता. लगेच एका गिऱ्हाईकाचा फोन. म्हणे, ही आमच्या रानात खुरपायला येणाऱ्या बाईची पोरगी. हिनं नेसलेली साडी मी कशी नेसू?" मग जरा थांबून म्हणाल्या, "साडी नेसून बाईला आपल्यापेक्षा वरच्या बाईसारखं दिसायचं असतं. खालच्या नाही. धंदा आहे हा. मनाला लावून घेऊ नकोस."

म्हणजे माझ्या अंगावरची साडी चालते. तोंड दिसलं की बाटते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी उठले आणि दुपारचं लाईव्ह केलं. तेही सांगितलं पाहिजे.

पण हातातली जान गेली. आधी मी रंग आणि काठ बघून पदर कसा सोडायचा ते ठरवायचे. आता नुसती गुंडाळायचे. घरी फॅशनचे फोटो बघायला घेतले, तर सगळीकडे एकच बाई दिसायला लागली. तेच नाक, तीच कातडी, तेच अर्धवट उघडे ओठ. आमच्या गावातल्या नवरीमुलीही लग्नाच्या अल्बममध्ये ओळखू येत नाहीत, इतक्या धुऊन काढलेल्या. आणि याला फोटोग्राफी म्हणायचं. मला विचाराल तर फोटोचं पहिलं काम एकच, समोर कोण उभं होतं ते सांगणं. ते सोडून बाकी सगळं करतात. वर मोठमोठे लोक मुलाखतींत सांगतात, हल्ली फॅशनमध्ये नवीन काही सुचत नाही. कसं सुचेल? एकाच तोंडाला किती साड्या नेसवाल?

एके दिवशी आई पत्र्याच्या पेटीतली पांढरी साडी उन्हात टाकत होती. मी विचारलं, "तू हिला एवढी कडक खळ का देतीस?"

ती म्हणाली, "रानात आमच्या तोंडाकडं कोन बघतंय? त्या दिवशी बघत्यात."

एवढंच बोलली आणि साडीची टोकं ताणायला लागली. मी एक टोक धरलं.

त्या दुपारी लाईव्हला जांभळी इरकल होती. मी नेसले. कित्येक दिवसांनी मन लावून नेसले. बाई भाव सांगत होत्या. मी स्टँडपाशी गेले आणि मोबाईल वर केला. आधी हनुवटी आली, मग तोंड, मग कपाळ. स्क्रीनवर मी अख्खी दिसले.

"नमस्कार. ही साडी मी नेसले आहे." मग नाव सांगितलं, आडनावासकट. गाव सांगितलं. "माझी आई तुमच्यापैकी काहींच्या रानात खुरपायला येते. स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर जे हात आहेत, ते माझे आहेत."

बाईंनी मोबाईलवर तळहात दाबला. "वेड लागलंय का तुला?" मी आत गेले, साडी सोडली, नीट घडी घातली, गल्ल्यावर ठेवली आणि बाहेर पडले.

पुढं काही क्रांतीबिंती झाली नाही. फ्लेक्स होता तिथंच राहिला. दुकानात दुसरी मुलगी आली, तिचंही गळ्याखालचंच दिसतं. वस्तीतल्यांनी मला वेड्यात काढलं, सावलीतलं काम सोडून आली म्हणून. आई म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील." पण तिच्या तोंडावरची काळजी मला दिसत होती.

आता मी तिच्याबरोबर खुरपायला जाते. ऊन लागतं. तोंड आणखी रापलंय. जेवणाच्या सुट्टीत बांधावर मी बायकांचे फोटो काढते, माझ्याच मोबाईलवर. एकही उजळवत नाही. शांतामावशी भांडते, "माज्या सुरकुत्या तेवढ्या काड की गं." मी काढत नाही. मग ती रुसते, आणि दुसऱ्या दिवशी नवीन लुगडं नेसून पुन्हा समोर उभी राहते.

परवा नगरहून फोन आला. दागिन्यांचं दुकान. कुणीतरी ते लाईव्ह बघितलं होतं म्हणे. माणूस अदबीनं बोलत होता. "मॅडम, पाटल्या-बांगड्यांचं शूट आहे. तुमचे हात छान आहेत. आम्हाला फक्त हात लागतील."

आई समोर भाकरीचं फडकं सोडत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. काम पाहिजेच होतं, ते दोघींनाही माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणाले, "येते की. मुंडक्यासकट येईन. खाली माझं नाव लिहायचं, पूर्ण. चालत असेल तर सांगा."

"विचारून कळवतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. कळवेल, न कळवेल. पुढचा फोन आला तरी माझं उत्तर हेच राहील. हे मुंडकं या धडावर आहे तोवर राहील.