वारा पडलाय

माझे कान उत्तम आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. रीतसर तपासून घेतलेत मी.

पिकांवर औषध फवारायचं छोटं विमान चालवायचो. खासगी धंद्यांना नुकतीच मोकळीक मिळाली होती आणि पुण्यात जो तो काहीतरी नवं काढत होता. आमच्या मालकांनी हे काढलं. जमिनीवरचं सगळं माझा मित्र बघायचा. कॉलेजपासूनचा, कोथरूडला आमच्याच सोसायटीत राहणारा.

त्या सकाळी वाऱ्याचा काही भरवसा नव्हता. मध्येच गप्प व्हायचा, मध्येच झोडपायचा. टाकी औषधानं काठोकाठ भरलेली, विमान जड. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला होती, तिथं मित्र उभा. म्हटलं, तू सांगितल्याशिवाय हलत नाही. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, "वारा पडलाय. ये."

निघालो. चाकं उचलतात न उचलतात तोच डावीकडून असा झोत आला की उजवा पंख जमिनीला घासला आणि विमान गर्रकन फिरून शेजारच्या ज्वारीत घुसलं. खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचला.

चौकशीत मित्रानं लिहून दिलं, "मी 'वारा पडू दे, मग ये' असं म्हणालो होतो."

अरे वा रे वा! 'पडलाय' आणि 'पडू दे'! माझा विमान चालवायचा परवाना तेवढ्यावर लटकलेला. वाटलं, घाबरला असेल बिचारा, गोंधळला असेल. हो, बिचारा म्हटलं मी त्याला. चौकशीचे साहेब भले होते. म्हणाले, "इंजिनाच्या आवाजात आपल्याला चुकीचं ऐकू आलं असेल." सुटायची वाट दाखवत होते, पण माझं डोकं फिरलेलं. "अहो, मी काय बहिरा आहे?" कसब्यातल्या कानाच्या डॉक्टरांचा दाखला आणला आणि टेबलावर आपटला.

साहेबांनी तो शांतपणे वाचला. "म्हणजे आपल्याला नीट ऐकू आलं होतं. आणि तरीही आपण निघालात."

परवाना गेला.

पुढच्या रविवारी मित्र घरी आला. कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत लागला होता, ते सांगायला. बायकोनं आग्रहानं जेवायला बसवलं. ती पोळी आणायला आत गेली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला होतास रे तू?"

तो वरण कालवत राहिला. "पडलाय म्हणालो होतो. पण नव्या नोकरीत मागचं सगळं विचारतात रे. माझ्या नावावर असलं काही नको होतं. हे आपलं तुझ्यामाझ्यात."

तुझ्यामाझ्यात! बायको पोळी घेऊन बाहेर आली तेव्हा त्याच्या पुढ्यातलं भरलं ताट माझ्या हातात होतं आणि तो चपला शोधत होता.