शंभराच्या आत

मी पांढरकवड्याच्या कापूस बाजारात मापारी होतो. आयुष्यभर दुसऱ्याचा माल तोलला, स्वतः मात्र कधी काट्यावर चढलो नाही. त्या वर्षी लिव्हरमध्ये गाठ निघाली अन् नागपूरच्या डॉक्टरनं चढवलं. एक क्विंटल सात किलो.

डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीनं काढू, बारीक भोकं पाडून. जाड माणसाला तेच बरं, मोठा काप चरबीत लवकर भरत नाही. पण तुमच्या लिव्हरवरच चरबी चढलीय. ते फुगलं की उचलता येत नाही, दुर्बिणीला जागा मिळत नाही. तीन आठवडे कडक पथ्य करा, आक्रसेल. शंभराच्या आत या."

घरी आल्याबरोबर बायकोनं तेलाचा डबा वरच्या फळीवर टाकला. अर्धी भाकर, बिनफोडणीचं वरण, अंबाडीची भाजी. ताट पाहूनच माझं डोकं फिरायचं. जीव कशातच लागत नव्हता. बसलो की उठावं वाटे, उठलो की गाठ आठवे. यार्डातही काम नव्हतं. भाव पडलेला, बोंडअळीनं माल खाल्लेला, दिवसाला चार-दोन गाड्या. रिकामा माणूस जाईल कुठं? मी कँटीनमध्ये जायचो. तर्री-पोहे, वरून दोन आलुबोंडे. मग घरी येऊन तोंड वाकडं करत अर्धी भाकर.

पहिल्या सोमवारी यार्डाच्या काट्यावर गमतीनं बायकोलाही उभं केलं होतं. ती साठ भरली. पुढं दर सोमवारी मी एकटाच चढायचो. ओल्या कापसाचं वजन कापायची हाताला सवय, तीच स्वतःला लावली. कपड्यांचे दोन किलो कापले, पोटातल्या पाण्याचे दोन, वाटलं तर आणखी दोन-चार. घरी सांगायचो, "घटून राह्यलं." ती खूश व्हायची. शेवटी अठ्ठ्याण्णव सांगितलं. कोणाला पटणार नाही, पण तोवर मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

नागपूरला भरती करताना नर्सनं वजन केलं. एकशे सहा. बायको पिशवी धरून बाजूलाच उभी होती. डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा पाहिला. मग म्हणाले, "गाठ थांबणार नाही. दुर्बिणीनं सुरू करतो. नाही जमलं तर पोट उघडावं लागेल."

नाही जमलं. शुद्धीवर आलो तर बरगडीखाली वीतभर टाके. गाठ निघाली होती, पण मध्येच रक्त सुटलं अन् पोट उघडावं लागलं. आठव्या दिवशी जखमेत पू झाला. घरी आल्यावर दीड महिना बायकोच ड्रेसिंग करत होती, अन् त्या एकशे सहाबद्दल चकार शब्द नाही. मला ते सोसेना. एक दिवस चिडून म्हणालो, "शिव्या तरी दे न वं मले."

"कायले?" ती म्हणाली अन् पट्टी चिकटवत राहिली.

जखम दाखवायला पुन्हा गेलो तेव्हा तापानं मला नव्व्याण्णववर आणलं होतं. नर्स गमतीनं बायकोला म्हणाली, "काकू, तुम्हीपण या." पिशवी माझ्या हातात देऊन ती चढली. त्रेपन्न.

"तुह्ये सात किलो कुठं गेले?" मी विचारलं.

"तवा तुमी अर्धी भाकर खाऊन राह्यलते न जी," ती म्हणाली. "मंग म्या पोटभर कशी खाऊ?"