अंतोनकाकांची दूधबहीण

मंडळी, आज दुपारी पालीत शेजारच्या अंतोनकाकांच्या अंत्यविधीला गेलो होतो. चर्चमध्ये घरच्यांच्या बाकावर ऐंशी ओलांडलेल्या हिराबाई बसल्या होत्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुमचं नातं काय?"

"माझा दूधभाऊ तो," म्हणाल्या आणि सांगत बसल्या.

चाळीसच्या दशकात गावात कॉलरा आला. हिराबाई तान्ह्या असतानाच त्यांची आई त्यात गेली. वडील पोरीला घेऊन भाऊबंदांच्या दारोदार फिरले, पण साथीच्या भीतीनं कुणी दार उघडलं नाही. शेवटी अंतोनकाकांच्या आईनं, मारीबाईंनी, तिला आपल्या तान्ह्या अंतोनबरोबर दूध पाजायला घेतलं.

नवरा ओरडला, "आपला पोर मेला तं?"

"ही तं आताच मरतेय," त्या म्हणाल्या.

दोघंही जगली. मग तेच भाऊबंद म्हणाले, पोर बाटली, शुद्ध करून घ्या. वडिलांनी साफ नकार दिला.

मी विचारलं, "म्हणजे मारीबाईंना त्यांच्या धर्मानंच हे शिकवलं?"

हिराबाई म्हणाल्या, "मारीआय रोज चर्चला जायची. तिचा नवरापन जायचा."

यावर तुम्ही काय बोलला असता?